भागामाय काय विसरली

नर्सबाईच्या आठवणी म्हटल्या की वाचणाऱ्याला बाळंतपणं हवी असतात. पुराच्या पाण्यात अडकलेल्या बैलगाडीत मोकळी झालेली बाई, पायाळू मूल, जुळं. तसल्या गोष्टी माझ्यापाशी ढीगभर आहेत, आणि त्या सांगताना मी स्वतःला जरा जास्तच शहाणी करून सांगते. पण संपादकांनी या खेपेला विचारलं, अजून कोणाला सांगितलं नाही असं काही आहे का. आहे. तेव्हा बाळंतपणं राहू देत. जगात येणाऱ्यांचं कौतुक करायला माणसं असतात. मी सांगणार आहे ते जगात असूनच हळूहळू निघून गेलेल्यांचं.

साठ सालानंतरची ती वर्षं. माझं शिक्षण अमरावतीला झालं आणि नेमणूक अकोल्याच्या एका दवाखान्यात. म्हातारपणी डोकं रिकामं होत जातं त्या आजाराला आता स्मृतिभ्रंश म्हणतात. तेव्हा आमच्याकडे म्हातारचळ म्हणत, नाहीतर ‘बुढी भरमली’ एवढं बोलून मोकळे होत. चुलीवर भात ठेवलाय हे विसरणं निराळं. ते तरुणालाही होतं. चूल कशासाठी असते हे विसरणं म्हणजे हा आजार. असा माणूस दवाखान्यात त्या आजारासाठी कधीच यायचा नाही. पडून खुबा मोडला, विस्तवात पाय गेला, रस्ता चुकून दुसऱ्याच गावी सापडला, की यायचा. हाड जुळेपर्यंत आम्ही ठेवून घ्यायचो. उठून जाऊ नये म्हणून पट्टीच्या कापडानं मनगट खाटेला बांधायचो. गाठ कशी मारायची ते मला शिकवलं होतं: रक्त अडायला नको आणि रोग्याच्या बोटांना सापडायलाही नको. त्यापलीकडे काही शिकवलेलं नव्हतं.

बाकीचं रोगीच शिकवायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाय मोडून आमच्याकडे होते. जेवणाची गाडी वॉर्डात आली की हात आडवा करून थांबवायचे. सिग्नल पडल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. वॉर्डबॉय त्यांच्यावर ओरडायचा, ते त्याच्यावर ओरडायचे, आणि सगळ्यांची आमटी गार व्हायची. शेवटी मी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं एक हिरवं फडकं आणलं आणि हलवलं. त्यांनी लगेच हात खाली घेतला. खोटं वागल्याबद्दल मोठ्या सिस्टर मला बोलल्या. आमटी मात्र त्या दिवसापासून गरम मिळू लागली.

अशात दवाखान्यात डॉक्टर आगाशे आले. मूळचे पुण्याचे, बारीक आवाजाचे. म्हाताऱ्यांच्या या आजारावर ते अभ्यास करत होते. संध्याकाळी अकोल्यात, सुट्टीच्या दिवशी अमरावतीला, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, “सिस्टर, माझ्या कागदांत सगळे वकील, सावकार, निवृत्त मामलेदार आणि त्यांच्या बायका. शेतमजूर एक नाही, विणकर नाही, तुमच्या समाजातलं कोणी नाही. त्यांना हा आजार होतच नाही असं मी लिहू का?”

मी बौद्ध आहे हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण असं समोर बसवून कोणी विचारलं नव्हतं. होतो, असं मी म्हणाले. मग मला दाखवा, असं ते म्हणाले. मी बघते असं सांगून दोन-तीन आठवडे त्यांना टाळलं.

टाळलं, कारण मला ठाऊक होती ती भागामाय, आणि भागामायचं दुखणं परक्या माणसाला दाखवण्यासारखं नव्हतं.

बार्शीटाकळीहून पुढे दमणीनं, म्हणजे लहान बैलगाडीनं, जावं लागायचं असं आमचं गाव. भागामाय माझ्या आईची मैत्रीण. आमच्या वस्तीकडे पूर्वी येसकरकी होती. गावाच्या वेशीची राखण, सांगावे पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, ही कामं आमच्या लोकांनी करायची आणि त्याबदली रोज संध्याकाळी घरोघर फिरून भाकर मागायची. दारात उभं राहायचं नाही, अंगणाच्या कडेला राहायचं आणि हाक द्यायची, “येसकराची भाकर वाढा वं माय.” माझ्या आईनं ते टोपलं वाहिलं होतं. भागामायनंही.

छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली. वस्तीत सगळ्यात आधी घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले ते भागामायनं, आणि येताना टोपलंही तिथेच टाकून आली. त्या संध्याकाळपासून वस्तीतली एकही बाई भाकर मागायला गेली नाही. ज्या घरात दुसऱ्या दिवशीचं पीठ नव्हतं त्या घरातलीही नाही. भागामाय दारात उभी राहून बघायची. त्रिशरण-पंचशील तिनं ऐकून पाठ केलं आणि सगळ्या बायांना शिकवलं. तिचा मुलगा उत्तम शिकून प्राथमिक शाळेत गुरुजी झाला. त्यानं विटांचं घर बांधलं. त्याची बायको शांता, कमी बोलणारी, दिवसभर कामात.

आणि मग भागामाय विसरू लागली. आधी नातवंडांची नावं गेली. मग नवरा मेल्याचं गेलं. आणि एका संध्याकाळी तिनं घरातलं टोपलं उचललं, पाटलाच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि हाक दिली. दहा वर्षं त्या गावानं जी हाक ऐकली नव्हती, ती. आजारानं बरोबर तेवढीच वर्षं कापून नेली होती.

पाटलाच्या घरून तिला भाकर मिळाली. पारावर बसलेले हसले. कोणीतरी उत्तमभाऊंना ऐकवलं की धर्म बदलला तरी अंगातलं जात नाही. ते शाळेतून आले की आधी आईला शोधून आणायचे, मग पाणी प्यायचे. पुढे त्यांनी दाराला कडी लावायला सुरुवात केली. मी एकदा गावी गेले तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवर कातडी सोललेली होती. दार ठोकून ठोकून. मी पट्टी बांधली. उत्तमभाऊ तिथेच उभे होते. म्हणाले, “ताई, यावर औषध असन तं सांग. नसन तं मले काही सांगू नोको.”

त्या बोलण्यामुळे मी आगाशे डॉक्टरांना घेऊन गेले. कोण जाणे, असेलही औषध.

पहिली भेट वाईट झाली. उत्तमभाऊंनी खुर्ची मांडली, शांतावहिनीनं चहा केला. डॉक्टरांनी त्यांचे नेहमीचे प्रश्न काढले. आज तारीख कोणती, देशाचे पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा केले की किती. भागामायला ती शहाणी होती तेव्हाही तारीख ठाऊक नसायची. तिचं काम वारावर आणि चंद्रावर चालायचं. हे डॉक्टरांच्याही ध्यानात आलं. ते थांबले आणि सोपं म्हणून विचारलं, आजी, तुमचं नाव काय, जात कोणती?

भागामाय उठली. खुर्चीवर गोरा, चष्म्यातला माणूस आणि समोर कागद. ती सरकत सरकत उंबऱ्याबाहेर गेली, तिथे जमिनीला हात लावून तिनं “जोहार मायबाप” म्हटलं आणि जातीचं ते जुनं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली उत्तमभाऊ बसले होते. ते उठले, डॉक्टरांपुढची कपबशी उचलली आणि म्हणाले, “झालं ना तुमचं? उठा आता.”

 परतीच्या वाटेवर अकोला जवळ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मी पुन्हा गेलो तर चालेल का? मी म्हणाले, ते माझ्या हातात नाही. वस्तीला विचारावं लागेल.

वस्तीची बैठक विहारात भरली. विहार म्हणजे टिनाची एक खोली आणि सतरंजी. डॉक्टर त्या सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यांना ते जमत नव्हतं, पण बसले. वस्तीतले वडीलधारे सोमाजीबाबा. ते म्हणाले, “आधी आमची सावली मोजली. आता अक्कल मोजाले आले. उद्या छापसान का ह्या लोकायची बुद्धीच कमी. मंग आमच्या पोराले नोकरी कोन देईन?”

डॉक्टरांनी ती भीती खोटी म्हटली नाही. औषध आपल्याकडे नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. उत्तमभाऊंनी मान खाली घातली ती त्या वाक्याला. मग डॉक्टर म्हणाले की औषध आज ना उद्या कोणीतरी शोधेल, पण ज्यांची नोंद असेल त्यांच्यासाठी शोधेल. बंगल्यातले म्हातारे तेवढे लिहिले तर उपायही बंगल्यातले निघतील. दिवसभर माणूस नेमा म्हणतील. तुमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घरी कोण राहणार?

यावर बराच वेळ बोलणं झालं. वस्तीनं अटी घातल्या. प्रश्न आमच्या बोलीत आणि आमच्या जगण्यातले हवेत. विचारणारी बाई आमची हवी, म्हणजे मी. जात विचारायची नाही. आणि जे काही निघेल ते इथे, याच सतरंजीवर येऊन आधी आम्हाला सांगायचं. डॉक्टरांनी सगळ्याला हो म्हटलं. उत्तमभाऊंचं म्हणणं एकच होतं, माझ्या आईचं काही लिहू नका, पण वस्तीपुढे ते चाललं नाही. उठताना एवढंच म्हणाले की आईला पुन्हा उंबऱ्याबाहेर बसवायचं नाही.

नवे प्रश्न वस्तीतल्या बायांनी मिळून काढले. मूग आधी निघतो का तूर? थोरल्या लेकीला कोणत्या गावी दिली? विहिरीवरून घरी येताना मधे कोणाचं घर लागतं? ते घेऊन मी दर रविवारी हिंडले. पुढे तालुक्याच्या गावातल्या विणकर मोमीनांच्या मोहल्ल्यात गेलो, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. तिथे तिथली बाई सोबत घेतली आणि तिच्या तोंडून विचारलं. मोहल्ल्यात एक बाबा मागाशिवायच्या रिकाम्या खोलीत बसून हातानं धोटा फेकत होते, दिवसभर. तांड्यावरची एक याडी, म्हणजे आई, स्वतःच्या मुलीला आपली आई समजून तिच्याजवळ भूक सांगायची. जिथे गेलो तिथे असं कोणी ना कोणी निघालंच. घरच्यांनी झाकून ठेवलेलं, कोणी देवाचं म्हणून, कोणी करणी म्हणून, कोणी नुसतं लाजेपोटी. विचारलं की आधी नाही म्हणायचे. मग आपणच आतलं दार उघडून दाखवायचे.

भागामायचं मात्र काही सुटेना. कडी लावली की मनगटं फुटायची, काढली की ती पाटलाच्या अंगणात. उत्तमभाऊंनी मला पाटलाच्या घरी बोलायला पाठवलं. स्वतः जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी मला ओसरीवर बसायला सांगितलं, पाणीही दिलं. काळ तेवढा बदलला होता. ती आली तर भाकर देऊ नका, तिच्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, असं मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, “दारी आलेल्याले नाई म्हनाले माह्या सासूनं मले शिकवलं नाई, बाई. मी का तिले बोलवाले जातो?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन खरं सांगू? ती आली का मले बरं वाटते. जुनं मानूस, जुनी रीत.”

त्यांच्या मनात वाईट नव्हतं.  मी पाणी पिऊन उठले.

मार्ग काढला तो शांतावहिनीनं, आणि कोणाला न विचारता. एका संध्याकाळी मी तिथे असताना तिनं सासूच्या हातात टोपलं दिलं आणि पुढच्या दारानं बाहेर सोडलं. स्वतः आतून मागच्या दाराशी गेली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ताजी भाकर घेऊन बसली. भागामाय भिंतीला हात लावत घराला वळसा घालून मागे आली. तिथे ती कडेला उभी राहिली आणि तिनं हाक दिली. “येसकराची भाकर वाढा वं माय.” शांतावहिनीनं टोपल्यात भाकर टाकली. “पाटलीनबाई, देव तुमचं भलं करो,” म्हणत भागामाय हसली. मग खाली बसून ती हलक्या आवाजात काही बोलत राहिली, ते मला ऐकू आलं नाही, आणि शेवटी तिला आत घेतलं. ती जेवली आणि मुकाट झोपली. पाटलाच्या घराकडे ती पुन्हा गेली नाही.

मी आतल्या खोलीत उभी होते. माझ्या आईची हाक हीच होती.  हे चांगलं चाललंय की वाईट, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. आताही येत नाही.

उत्तमभाऊंना कळलं तेव्हा ते बायकोवर चिडले नाहीत. मला म्हणाले, “ज्या दाराले लात मारून ही बुढी घरी आली, थेच दार शांतानं माह्या घरात उभं केलं. पन मायची मनगटं बरी झाली. मी काय बोलू?” त्यांनी मना केलं नाही. फक्त रोज ती वेळ झाली की सदरा अडकवून विहारात जाऊन बसायचे आणि आई झोपल्यावर घरी यायचे. दोन वर्षं हे असंच चाललं. वेचणीच्या दिवसांत शेजारच्या बायांनी आळीपाळीनं भागामायजवळ बसायचं ठरवलं, त्यामुळे शांतावहिनीची मजुरी बुडाली नाही. एवढं तरी त्या बैठकीतून निघालं.

थंडीच्या दिवसांत छातीत कफ भरून भागामाय गेली. मी रजा काढून गेले होते. बायांनी भोवती बसून तिनंच शिकवलेलं त्रिशरण म्हटलं. तिला ते ओळखू आलं नाही. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे परक्या गावात आल्यासारखी बघत राहिली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आगाशे डॉक्टर वस्तीत आले. न बोलावता आले, दिलेला शब्द पाळायला. त्याच सतरंजीवर बसून त्यांनी सांगितलं की अभ्यास डॉक्टरांच्या मासिकात छापून आला आहे, पण त्यात ही वस्ती नाही, मोहल्ला नाही, तांडाही नाही. शहरातल्या म्हाताऱ्यांना एक प्रश्न विचारले आणि खेड्यातल्यांना दुसरे, तेव्हा दोन्ही एका मापात धरता येत नाहीत, असं छापणाऱ्यांनी कळवलं आणि खेड्यांचा भाग गाळला. आपण भांडलो, पण चाललं नाही, असं ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

सोमाजीबाबा कडवट हसले. उत्तमभाऊ मात्र उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

“लिहू नोका म्हननारा मीच होतो,” ते म्हणाले. “तुमी लिहिलं. माह्या मायची लाज कागदावर गेली, म्या सोसली. आता लिहिलं होतं तं खोडलं काहून?”

 डॉक्टर निघायला म्हणून चपला शोधू लागले. तेव्हा बायांमधून शांतावहिनी बोलली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं विचारलं, “तुमच्या छापलेल्यातले जे वकीलसायब हायेत, त्यायले कोन सांभायते?”

“त्यांच्या सुना,” डॉक्टर म्हणाले.

“त्यायले काही इचारलं?”

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

“मंग त्यायचं बी नाई आलं,” शांतावहिनी म्हणाली.

डॉक्टर चपला सोडून परत बसले. म्हणाले, मग तुम्ही सांगा. आणि ती सांगू लागली. लुगडं कसं नेसवायची, सासू चावली तर काय करायची, आणि आई म्हणून मारलेल्या हाकेला ओ द्यायची की नाही हे कसं ठरवायची. डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. नुसतं ऐकत होते. मग तिनं मागच्या दाराचं सांगितलं.

“भाकर घेतली तरी जायची नाई ती. मी सामोर आली तरी जवय नाई येऊ द्यायची, दूर व्हा म्हनायची, इटाळ होईन. टोपलं ठेवून खाली बसाची आन हात जोडाची. म्हनाची, पाटलीनबाई, एक मांगतो. माह्या उत्तमले शायेत बसू द्या. बाहीर ओट्यावर बसन तो, आत नाई येनार. कोनाले शिवनार नाई. पन बसू द्या. तुमी मास्तरले सांगा. मी म्हनो, हो, सांगतो, उद्यापासून पाठव. तवा उठायची.”

 उत्तमभाऊ अजून उभेच होते. शाळेतून आल्या आल्या असते तशी खडूची पांढरी भुकटी त्यांच्या बाहीवर होती. भाकरीच्या त्या वेळेला दोन वर्षांत ते एकदाही घरात नव्हते.

“रोज म्हने?” त्यांनी बायकोला विचारलं.

“रोज,” शांतावहिनी म्हणाली.